उणे एकचा लॉग शून्य: एका उत्तरपत्रिकेचं प्रकरण

टी.वाय.बी.एस्सी.च्या कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसच्या इंटर्नलला विचारलेला प्रश्न असा होता. १/झेड या फंक्शनचं १ पासून −१ पर्यंत इंटिग्रेशन करा, (अ) एकक वर्तुळाच्या वरच्या अर्ध्या भागावरून, (ब) खालच्या अर्ध्या भागावरून. (क) दोन्ही उत्तरं सारखी आली का? कारण द्या. मार्क पाच. (झेड म्हणजे एक्स अधिक आय वाय ही संमिश्र संख्या, आय म्हणजे उणे एकचं वर्गमूळ.)

प्रश्न अवघड नाही. वर्तुळावर झेड म्हणजे ई चा 'आय थीटा' घात (थीटा हा कोन), त्यामुळे डीझेड भागिले झेड म्हणजे नुसतं आय गुणिले डीथीटा उरतं. वरून जाताना थीटा शून्यापासून पायपर्यंत जातो, उत्तर 'पाय आय'. खालून जाताना शून्यापासून उणे पायपर्यंत, उत्तर 'उणे पाय आय'. वर्गातल्या बहुतेकांनी एवढं केलं आणि (क) समोर 'पाथ वेगळे आहेत म्हणून' असं लिहून पान उलटलं. पाथ वेगळे आहेत हे प्रश्नातच सांगितलं होतं, त्यामुळे ते कारण कसलं! पण मार्क मात्र सगळ्यांना चार-चार पडले.

एका मुलीने (अ) शून्य, (ब) शून्य आणि (क) 'सारखी, कारण अँटिडेरिव्हेटिव्ह आहे' असं उत्तर लिहिलं. वर्गातली सगळ्यात नेटकी मांडणी तिचीच होती. १/झेडचा अँटिडेरिव्हेटिव्ह, म्हणजे ज्याचा डेरिव्हेटिव्ह १/झेड येतो ते फंक्शन, लॉग झेड. लॉग झेड म्हणजे अर्धा लॉग (एक्स वर्ग अधिक वाय वर्ग), अधिक आय गुणिले टॅन इन्व्हर्स (वाय भागिले एक्स). −१ या बिंदूला एक्स −१, वाय शून्य. म्हणून पहिलं पद अर्धा लॉग १, म्हणजे शून्य, आणि दुसरं टॅन इन्व्हर्स शून्य, म्हणजे तेही शून्य. १ या बिंदूलाही दोन्ही पदं शून्य. शून्यातून शून्य गेलं, शून्य. खाली दुहेरी रेघ.

यातली एकही ओळ तिने मनाने रचलेली नाही. टॅन इन्व्हर्सचं सूत्र नोट्समध्ये आहे, बाजारातल्या गाईडमध्येही आहे. अँटिडेरिव्हेटिव्ह असेल तर इंटिग्रल फक्त टोकांवर अवलंबून असतो, हे प्रमेय फळ्यावर सिद्ध करून झालं होतं. तरीही उत्तर चूक, आणि मार्किंग स्कीमप्रमाणे पाचापैकी शून्य.

प्रकरण इथेच मिटलं असतं, पण त्याच पेपरात पुढे आणखी एक प्रश्न होता: १/झेडचं एकक वर्तुळाभोवती पूर्ण फेरीचं इंटिग्रल काढा. तिथे तिने लिहिलं, शून्याशी सिंपल पोल (फंक्शन अनंत होतं ती जागा), रेसिड्यू (तिथल्या १/झेड या पदाचा सहगुणक) १, म्हणून रेसिड्यू प्रमेयाने उत्तर 'दोन पाय आय'. पूर्ण मार्क. आता वरच्या अर्ध्या वर्तुळावरून १ पासून −१ पर्यंत जा आणि खालच्या अर्ध्यावरून परत या, की ही पूर्ण फेरी झाली. म्हणजे पहिल्या उत्तरातली दोन शून्यं एकातून दुसरं वजा केली तर 'दोन पाय आय' यायला हवेत. एकाच हाताने, एकाच तासात लिहिलेली दोन उत्तरं एकमेकांना खोटं पाडत होती. एकाला शून्य मिळालं, दुसऱ्याला पैकीच्या पैकी, आणि मधली विसंगती कोणाच्याच हिशेबात नाही. पेपर प्रश्नवार तपासायचा असल्यावर ती दिसणार तरी कशी?

तिला बोलावून विचारलं तेव्हा ती गडबडली नाही, उलट वाद घालायला बसली. मला ते आवडलं.

"सर, टॅन इन्व्हर्सचं सूत्र चूक आहे का? मी कॉशी-रीमान लावून बघितलं. बसतंय ते." (कॉशी-रीमान म्हणजे संमिश्र फंक्शनला डेरिव्हेटिव्ह आहे की नाही ते तपासायची समीकरणं.)

"बसतंय. पण −१ चा लॉग शून्य येतो, हे खटकलं नाही?"

"नाही सर. दोनदा लॉग −१ म्हणजे लॉग (−१ चा वर्ग), म्हणजे लॉग १, म्हणजे शून्य. मग लॉग −१ शून्यच यायला पाहिजे की."

गंमत म्हणजे सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ट्युटोरियलमध्ये 'लॉग −१ च्या सर्व किमती काढा' हे गणित तिने अचूक सोडवलं होतं: 'पाय आय' गुणिले कोणतीही विषम संख्या. आय चा आय घातही काढला होता, मुख्य किंमत ई चा उणे पाय बाय दोन घात, सुमारे ०.२०७९. वही उघडून दाखवली तर म्हणाली, "ते सगळ्या किमती काढायचं गणित आहे ना सर, हे इंटिग्रेशनचं आहे." तिच्या डोक्यात लॉगचे दोन कप्पे होते, आणि प्रश्नाच्या शब्दांवरून कुठला उघडायचा ते ठरत होतं. परीक्षेच्या दृष्टीने ही सवय फायद्याचीच आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

तिने मांडलेला युक्तिवाद जुना आहे, आणि तो करणारा माणूस साधासुधा नव्हता. १७१२-१३ मध्ये लायब्निट्झ आणि योहान बर्नुली या गणितज्ञांमध्ये ऋण संख्यांच्या लॉगवरून पत्रांमधून वाद झाला. लायब्निट्झचं म्हणणं, अशा संख्यांना वास्तव लॉग असूच शकत नाही, तो काल्पनिकच असणार. बर्नुलीचं म्हणणं, एक्सचा लॉग आणि उणे एक्सचा लॉग एकच. कारण काय, तर दोन्हींचा डिफरन्शियल डीएक्स भागिले एक्स असाच येतो. डेरिव्हेटिव्ह सारखा म्हणून फंक्शन सारखं! आणि −१ च्या वर्गाचा दाखलाही त्या वादात होताच.

बर्नुलीच्या चुकीची जागा बारावीतल्या मुलालाही सांगता येईल: इंटिग्रेशनचा स्थिरांक. दोन फंक्शनांचा डेरिव्हेटिव्ह सारखा असला तर त्यांच्यात एका स्थिरांकाचा फरक असू शकतो. धन आणि ऋण संख्यांच्या मध्ये शून्य आहे आणि तिथे १/एक्स फुटतो, त्यामुळे दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा स्थिरांक घ्यायला कोणाचीच आडकाठी नाही. बर्नुलीने तो शून्य धरला. आमच्या विद्यार्थिनीच्या टॅन इन्व्हर्सनेही नेमकं तेच केलं होतं, फक्त लपून.

हा वाद बर्नुलीच्याच शिष्याने सोडवला. बर्नुलीने १७०२ मध्ये वर्तुळाच्या सेक्टरचं क्षेत्रफळ काल्पनिक लॉगशी जोडणारा धागा शोधला होता. १७२८ मध्ये ऑयलरने, तेव्हा तो विशी नुकतीच ओलांडलेला आणि सेंट पीटर्सबर्गला, आपल्या गुरूला तोच धागा पुढे ओढून दाखवला. या वाटेने गेलं तर त्रिज्या १ असलेल्या पाव वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे लॉग −१ भागिले चार आय. आता लॉग −१ शून्य धरला तर पाव वर्तुळाला क्षेत्रफळच उरत नाही! पाव वर्तुळ म्हणजे पाय बाय चार, तेव्हा लॉग −१ 'पाय आय'च असायला हवा. पुढे बर्लिन अकादमीच्या १७४९ च्या खंडात ऑयलरने पूर्ण उत्तर मांडलं: शून्य सोडून प्रत्येक संख्येला एक नव्हे, अनंत लॉग असतात. फ्रेंच गणितज्ञ द'आलांबेरला ते पटलं नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एवढ्या मोठ्या माणसाला न पटलेली गोष्ट आपण एका तासिकेत 'मल्टिव्हॅल्यूड फंक्शन' एवढी व्याख्या लिहून संपवतो.

पाव वर्तुळाचा हिशेब मी तिला करायला लावला. क्षेत्रफळ शून्य आलं तेव्हा पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास जरा हलला. पण चूक आहे हे कळणं वेगळं आणि चूक कुठे आहे हे कळणं वेगळं. तिच्या दृष्टीने कॉशी-रीमान अजून बसतच होते.

मग फळ्यावर वरचा रस्ता घेतला आणि तिच्याच सूत्राने एकेका थांब्यावर टॅन इन्व्हर्सची किंमत काढली. शून्य अंशाला शून्य. ४५ अंशांना पाय बाय चार. ९० अंशांना एक्स शून्य, भागाकारच होत नाही. १३५ अंशांना वाय भागिले एक्स उणे एक, म्हणून टॅन इन्व्हर्स उणे पाय बाय चार. १८० ला पुन्हा शून्य. तिने हे नुसते आकडे न ठेवता ग्राफ काढला: शून्यापासून चढत पाय बाय दोनपर्यंत, तिथून धाडकन उणे पाय बाय दोनवर, आणि पुन्हा चढत शून्यापर्यंत. चढण दोन्हीकडे सारखीच, म्हणून डेरिव्हेटिव्ह बरोबर आणि कॉशी-रीमानही बरोबर. उभ्या अक्षावर मात्र मधला एक पूर्ण 'पाय' गिळला गेलाय. ते सूत्र उजव्या अर्ध्या प्रतलात अँटिडेरिव्हेटिव्ह आहे, डाव्या अर्ध्यातही आहे, पण दोन्हींचा मिळून एक नाही. आणि आपला रस्ता नेमका त्या अक्षावरून पलीकडे जातो.

गिळलेला पाय परत द्यायचा, म्हणजे ९० अंशांनंतर प्रत्येक किमतीत पाय मिळवायचा, की १३५ ला तीन पाय बाय चार आणि १८० ला पाय. खालच्या रस्त्याने उडी उलट्या दिशेने येते, तिथे पाय वजा करावा लागतो आणि −१ पाशी पोचल्यावर उणे पाय हातात येतो. "म्हणजे एकाच बिंदूला दोन किमती?" तिने विचारलं. हो, आणि दोन्ही खऱ्या. देवळाला प्रदक्षिणा घालून आपण त्याच उंबऱ्याशी येतो, पण प्रदक्षिणांचा आकडा एकने वाढलेला असतो. लॉगचा काल्पनिक भाग हा तो आकडा सांभाळतो. (गणितातली धन दिशा मात्र प्रदक्षिणेच्या उलटी, घड्याळाच्या विरुद्ध. यावर वर्गात नेहमी कोणी ना कोणी बोट ठेवतंच.)

एवढ्यावर सुटलं असं मला वाटत होतं, तर तिने दुसरा मुद्दा काढला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा तोच. म्हणाली, मग टॅन इन्व्हर्स सोडून देते आणि पुस्तकातला प्रिन्सिपल लॉग घेते. त्यात थीटा उणे पायपेक्षा मोठा आणि पायपर्यंत, दोन किमतींची भानगडच नाही. −१ चा प्रिन्सिपल लॉग 'पाय आय'. (अ) चं उत्तर बरोबर आलं. आणि (ब) चं? तिथेही 'पाय आय'च आलं, आणि ते चूक आहे.

इथे बहुतेक हुशार मुलंही अडकतात, कारण प्रिन्सिपल लॉग हे पुस्तकाने दिलेलं अधिकृत औषध आहे. अडचण अशी की त्याचा कट (जिच्यावर किंमत उडी मारते ती रेघ) ऋण वास्तव अक्षावर पडतो आणि आपलं टोक, −१, बरोबर कटावर आहे. खालून येताना थीटा उणे पायकडे सरकत जातो, पण त्या बिंदूवर पाय टाकताच व्याख्या सांगते, इथे पाय. शेवटच्या क्षणी 'दोन पाय'ची उडी. टॅन इन्व्हर्समध्ये उडी रस्त्याच्या मधोमध होती, इथे ती टोकाशी आली, एवढंच. कट दुसरीकडे, समजा धन काल्पनिक अक्षावर नेला, तर खालचा रस्ता सुखाने पार पडतो आणि वरचा अडतो. शून्यापासून अनंताकडे जाणारा कट कसाही काढा, दोन्ही रस्त्यांना एकाच लॉगने पार करता येणार नाही. तशी सोय असती तर पूर्ण फेरीचं इंटिग्रल शून्य आलं असतं.

कॉम्प्युटर लॅबमध्ये तिने हे पायथॉनवर करून पाहिलं. सीमॅथ लायब्ररीत −१ चा लॉग मागितला तर पाय आय मिळतो. पण वास्तव भाग −१ आणि काल्पनिक भाग −०.० अशी संख्या कॉम्प्लेक्स फंक्शनने बनवून दिली तर उत्तर उणे पाय आय येतं. शून्याला चिन्ह असतं हे तिला विचित्र वाटलं. आयईईई ७५४ या, संगणकात दशांश संख्या कशा मांडायच्या ते ठरवणाऱ्या प्रमाणात, म्हणजे १९८५ पासून, यंत्रातलं शून्य धन आणि ऋण असं दोन प्रकारचं आहे, आणि त्याचा एक उपयोग हाच: संख्या कटाच्या वरच्या बाजूची की खालच्या, ते कळावं.

−१ च्या वर्गाच्या युक्तिवादाचा निकाल यानंतर तिनेच लावला. लॉग १ च्या किमती म्हणजे दोन पाय आयच्या सगळ्या पूर्ण पटी. लॉग −१ च्या किमती म्हणजे पाय आयच्या विषम पटी. त्यातली कोणतीही एक घेऊन दुप्पट केली तर अधिक-उणे दोन, अधिक-उणे सहा, अधिक-उणे दहा पाय आय अशा किमती मिळतात. त्या सगळ्या लॉग १ च्या यादीत आहेत, पण शून्य त्यांच्यात कुठेच नाही. 'दोनदा लॉग −१ म्हणजे लॉग १' या वाक्यात लॉग १ ची एक किंमत गुपचूप निवडली जाते, आणि नेमकी तीच निवड चुकीची असते.

(क) चं खरं उत्तर एका पत्रात आहे. १८ डिसेंबर १८११ ला गणितज्ञ गाउसने खगोलशास्त्रज्ञ बेसेलला लिहिलं की संमिश्र संख्या प्रतलावरचे बिंदू मानले तर एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत अनंत रस्त्यांनी जाता येतं. दोन रस्त्यांच्या मधल्या भागात फंक्शन कुठेही अनंत होत नसेल तर इंटिग्रल सारखाच येतो. आणि उदाहरण म्हणून त्याने घेतला तो १/एक्सच: शून्याभोवती फेरी मारली की लॉगमध्ये 'दोन पाय आय'ची भर किंवा घट. गाउसने हे छापलं नाही. कॉशीने काल्पनिक मर्यादांमधल्या इंटिग्रलांवरचा आपला निबंध १८२५ मध्ये काढला, म्हणून प्रमेयाला नाव कॉशीचं. आमच्या पेपरातल्या (क) ला एवढंच लिहायला हवं होतं: दोन रस्त्यांच्या मध्ये शून्य आहे, तिथे १/झेड फुटतो, म्हणून फरक दोन पाय आय.

पेपरचा क्रम सगळीकडे जवळपास एकच असतो: संमिश्र संख्या, कॉशी-रीमान, मूलभूत फंक्शनं, कॉशीचं प्रमेय, टेलर-लॉरां, रेसिड्यू, शेवटी वास्तव इंटिग्रलं. लॉग येतो तिसऱ्या घरात, ई चा झेड घात आणि साइन झेड यांच्या मध्ये चेपलेला, जेव्हा इंटिग्रेशन अजून सुरूच झालेलं नसतं. रस्ता ही कल्पना येते तेव्हा लॉग मागे पडलेला असतो. माझं मत असं, की लॉगची व्याख्या आधी द्यावी, पण त्याचा खरा पाठ १/झेडच्या इंटिग्रेशननंतर घ्यावा, त्याच आठवड्यात, टॅन इन्व्हर्सची ती उडी फळ्यावर काढून. आमच्या विभागातल्या एका सहकारी मॅडमना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, युनिव्हर्सिटीच्या पेपरात येतात ती रेसिड्यूची गणितं, वेळ तिथेच घालवा. सेमिस्टर किती आखूड असतो ते पाहता त्यांचाही मुद्दा खोडून काढता येत नाही.

तिच्या मार्कांबद्दल विभागात बोलणं झालं. शून्य तसंच ठेवलं. तर्क सुसंगत असला तरी उत्तर चूक होतं, आणि त्याच पेपरात ते पडताळायची सोय होती. तिनेही तक्रार केली नाही. पुढच्या चाचणीत तिच्या परवानगीने, नाव न देता, तेच उत्तर वर्गाला दिलं: 'यात पहिली चूक कुठे आहे?' बऱ्याच जणांनी शेवटच्या ओळीवर खूण केली. काहींनी 'ऋण संख्येचा लॉग नसतो' असं लिहिलं, म्हणजे थेट बारावीत परतले. टॅन इन्व्हर्सच्या ओळीपाशी थोडेच थांबले.

या प्रकरणाचा उपयोग झाला तो सेमिस्टरच्या शेवटी, कीहोल कंटूरच्या (कटाच्या दोन्ही काठांनी जाणाऱ्या, किल्लीच्या भोकासारख्या बंद रस्त्याच्या) गणितात. शून्यापासून अनंतापर्यंत, एक्सचा (ए वजा १) घात भागिले (१ अधिक एक्स), ए शून्य आणि एकच्या मध्ये. इथे कट धन अक्षावर काढतात, थीटा शून्यापासून दोन पायपर्यंत घेतात, आणि कटाच्या दोन्ही काठांवरच्या किमतींमधला फरक हेच उत्तर काढण्याचं हत्यार असतं. पोल −१ ला. त्याचा रेसिड्यू काढताना −१ चा थीटा पाय घ्यायचा की उणे पाय? गाईडमध्ये 'पाय' घेतलेला असतो, का ते नसतं. तिने मुद्दाम उणे पाय घेऊन गणित पूर्ण केलं आणि ए ला अर्धा ही किंमत दिली. उत्तर आलं उणे पाय. आतलं फंक्शन सगळीकडे धन, आणि इंटिग्रल ऋण! मग थीटा पाय घेऊन पुन्हा केलं, तर पाय भागिले साइन (पाय ए), आणि ए अर्धा असताना पाय. एक्सच्या जागी टी वर्ग घालून साध्या पद्धतीनेही पायच येतो, तेही तिने शेजारी करून ठेवलं.

त्यानंतर ती घेऊन आली १ भागिले (झेड वर्ग वजा १). दोन पोल, १ आणि −१, रेसिड्यू अर्धा आणि उणे अर्धा. एकाभोवती फेरी मारली तर अधिक किंवा उणे 'पाय आय', दोघांना एकदम वेढलं तर शून्य. "मग सर, दोघांच्या मधला तुकडा तेवढा कापला तर बाहेर सगळीकडे लॉग एकच राहील ना?" राहतो. (झेड वजा १) भागिले (झेड अधिक १) याचा लॉग, त्याचा अर्धा. कट अनंतापर्यंत न्यायची गरजच नाही, −१ ते १ एवढा पुरतो. हे ना आमच्या सिलॅबसमध्ये आहे, ना गाईडमध्ये.